विरजण लावलेला गुडघा

२०२३ च्या जूनमध्ये पहिला पाऊस होऊन गेला होता आणि मी आठवीच्या मुलींना खांबाजवळचं वळण दाखवत होते. खो-खोत खांबाला हात घालून, अंग झोकून देत वळायचं असतं. शाळेत होते तेव्हापासून हे मी हजारो वेळा केलंय. त्या दिवशी पाऊल ओल्या मातीत रुतून राहिलं, अंग वळलं आणि उजव्या गुडघ्यात आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. फार दुखलं नाही. मुलींचा सराव संपवून मी गाडी चालवत घरी आले. संध्याकाळी गुडघा टम्म सुजला होता.

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. तेव्हा माझं वय ३४ होतं. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, मुकामार आहे, उतरेल. पुढचे नऊ महिने मी गोळ्या, पट्टा, बर्फ आणि सासूबाईंनी लावलेला रक्तचंदनाचा लेप यांवर काढले. सूज उतरायची, मैदानावर गेले की पुन्हा यायची. कुणी म्हणायचं वंगण कमी झालंय, कुणी म्हणायचं वय झालं आता. एक्स-रेत फक्त हाड दिसतं, हाडावरची कूर्चा दिसतच नाही, हे मला त्या नऊ महिन्यांत कुणीही सांगितलं नाही. ती गोष्ट आजही मनाला लागते. कारण त्या सगळ्या काळात मी पायऱ्या चढत होते, उड्या मारत होते आणि आतली जखम आणखी मोठी करत होते.

२०२४ च्या मार्चमध्ये वर्गात फळ्याकडे वळताना गुडघा अडकला. वाकेना, सरळ होईना. दोन मुलींनी धरून खुर्चीत बसवलं. त्यानंतर एमआरआय झाला आणि तो घेऊन आम्ही पुण्याला सर्जनकडे गेलो.

त्यांनी कॉम्प्युटरवर माझ्या मांडीच्या हाडाचं खालचं टोक दाखवलं. त्या गोल टोकावर दोन ते चार मिलिमीटर जाडीची गुळगुळीत गादी असते, तीच कूर्चा. माझ्या गुडघ्यात आतल्या बाजूला ती एका जागी पार हाडापर्यंत गेली होती. निघालेला तुकडा सांध्यात फिरत होता आणि तोच मधे अडकत होता. खड्डा साधारण साडेतीन चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास एक रुपयाच्या नाण्याएवढा.

मी विचारलं, इतकं मोठं होतं तर त्या दिवशी दुखलं का नाही? ते म्हणाले, "कूर्चेला नसा नाहीत, म्हणून ती दुखत नाही. रक्तवाहिन्याही नाहीत, म्हणून ती भरून येत नाही. हाताला कापलं तर रक्त येतं आणि रक्ताबरोबर दुरुस्तीचं सामान येतं. इथे ते यायला रस्ताच नाही." विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं, की कूर्चा एकदा गेली की परत येत नाही. पावणेतीनशे वर्षं होऊन गेली तरी ते वाक्य पूर्ण खोटं ठरलेलं नाही. परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट चढेपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही.

पुढचे सहा महिने चौकशीत गेले. एका ठिकाणी मायक्रोफ्रॅक्चर सुचवलं. उघड्या हाडाला बारीक भोकं पाडायची, आतलं रक्त वर येतं, त्याची गुठळी होते आणि त्या रक्तात आलेल्या मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, नवी ऊती (टिश्यू) तयार होते. खर्च कमी, एकच ऑपरेशन. पण त्यातून जी कूर्चा तयार होते ती बरीचशी तंतुमय, जखमेच्या व्रणासारखी असते. दाब सोसण्यात ती मूळ कूर्चेच्या तोडीची नसते. लहान खड्ड्याला हा उपाय चालतो. माझा खड्डा लहान नव्हता.

दुसरीकडे एका क्लिनिकची जाहिरात नवऱ्याच्या मोबाईलवर आली. "ऑपरेशनशिवाय नवा गुडघा, स्टेम सेलची तीन इंजेक्शनं." आम्ही गेलो. कमरेच्या हाडातून मज्जा काढून त्याच दिवशी गुडघ्यात टोचणार, असं सांगितलं. किती पेशी जातात, त्या खड्ड्यात टिकून कशा राहतात, परवानगी कुणाची, असे तीन प्रश्न आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी मला कागदावर लिहून दिले होते. तिन्हींचं उत्तर "रिझल्ट चांगले आहेत" एवढंच मिळालं. पैसे मात्र आधी भरायचे होते. आम्ही उठलो.

यावर जरा थांबून सांगते, कारण माझ्या उपचाराबद्दल ऐकून मला फोन करणारी निम्मी माणसं हेच विचारतात. स्टेम सेल हे थोतांड नाही. दक्षिण कोरियात नाळेच्या रक्तातल्या मूलपेशींपासून केलेल्या कूर्चेच्या उपचाराला २०१२ साली परवानगी मिळाली. आपल्याकडेही दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशींपासून बनवलेल्या औषधाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली. पण हे रीतसर चाचण्या देऊन, मोजून-मापून तयार केलेले उपचार आहेत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात, की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकीचा मूलपेशी-उपचार हा संशोधनाचा भाग आहे आणि तो मंजूर चाचणीतच व्हायला हवा. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्यामुळे कुणी दवाखान्यात बसवून इंजेक्शनचं पाकीट विकत असेल, तर आधी मंजुरीचा कागद मागा आणि तो हातात घेऊन वाचा.

माझ्या सर्जननी सुचवलं ते वेगळं होतं. माझ्याच कूर्चेचा छोटासा तुकडा काढायचा, लॅबमध्ये त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि त्या खड्ड्यात बसवायच्या. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९८७ साली हे पहिल्यांदा माणसावर केलं गेलं आणि १९९४ मध्ये ब्रिटबर्ग, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ रुग्णांचे निकाल छापले. भारतात या प्रकारच्या उपचाराला २०१७ साली मान्यता मिळाली आहे.

त्या २३ जणांचा हिशेब सर्जननी मला आडपडदा न ठेवता सांगितला. मांडीच्या हाडावर खड्डा असलेले १६ जण होते, त्यांपैकी १४ जणांचा निकाल चांगला किंवा उत्तम आला. गुडघ्याच्या वाटीमागे खड्डा असलेल्या ७ जणांपैकी दोघांचाच. मी लगेच विचारलं, "माझा कुठे आहे?" ते म्हणाले, "मांडीच्या हाडावर." ते ऐकलं आणि माझा निर्णय झाला.

तरी लगेच हो म्हणाले नाहीत ते. उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढला, पाय सरळ रेषेत आहे का ते बघायला. पाय आत-बाहेर वाकलेला असेल तर सगळं वजन नव्या जागेवर पडतं आणि केलेलं वाया जातं. हाडांना जोडणारी लिगामेंट शाबूत आहेत ना, दोन हाडांमधली चकती (मेनिस्कस) शाबूत आहे ना, बाकीच्या सांध्याची झीज सुरू झालेली नाही ना, हे पाहिलं. साठीतल्या पूर्ण झिजलेल्या गुडघ्यासाठी हा उपचार नाही. माझ्या आईलाही हे करता येईल का म्हणून मी आशेनं विचारलं होतं. नाही म्हणाले.

खर्च माझ्या वर्षभराच्या पगाराच्या आसपास गेला. विमा कंपनीनं पेशींच्या बिलाला "प्रायोगिक" असा शेरा मारून हात वर केले. परवानगीचे कागद जोडून दोनदा अर्ज केला, काही मिळालं नाही. सोसायटीचं कर्ज काढलं, ते अजून फेडतेय.

पहिलं ऑपरेशन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर झालं. पाठीतून भूल दिली होती, त्यामुळे मी जागी होते. समोरचा स्क्रीन माझ्याकडे वळवा म्हणून मी विनंती केली. दुर्बीण आत गेली आणि मला माझा गुडघा दिसला. चांगली कूर्चा शहाळ्यातल्या मलईसारखी पांढरी आणि तुकतुकीत होती. हत्याराचं टोक लावलं की जराशी दबायची आणि परत वर यायची. मग दुर्बीण सरकली. जुन्या टॉवेलसारखी दशा सुटलेली कड दिसली आणि मधे पिवळसर, टणक, कोरडं हाड. नऊ महिने मुकामार म्हणून मी जे घेऊन फिरत होते ते हे होतं. मला रडू आलं. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं दुखतंय का. मी मानेनं नाही म्हटलं.

सैल तुकडा काढला. मग जिथे वजन येत नाही अशा कडेच्या भागातून चांगल्या कूर्चेचे दोन-तीन पातळ काप घेतले. ओल्या खोबऱ्याचे काप असावेत तसे दिसत होते. गुलाबी द्रावाच्या बाटलीत ते टाकले, बाटलीवर माझं नाव आणि नंबर चिकटवला, दोघांनी तो मोठ्यानं वाचून ताडून पाहिला. एचआयव्ही आणि काविळीच्या रक्ततपासण्या आधीच झाल्या होत्या, त्यांच्याशिवाय लॅब नमुना घेतच नाही. बाटली थंड डब्यात बसली आणि दारातून बाहेर गेली.

त्या दिवाळीत मी घरी होते आणि माझा एक अंश कुठल्यातरी काचेच्या खोलीत वाढत होता. सर्जननी समजावलं होतं, की कूर्चेत पेशी फारच थोड्या असतात, बाकी सगळं पाणी आणि कोलॅजनचं जाळं. लॅबमध्ये कापाभोवतीचं जाळं विरघळवून पेशी मोकळ्या करतात आणि त्यांची संख्या वाढवत नेतात. अडचण अशी, की सपाट भांड्यात बरेच दिवस राहिल्या की त्या पेशी आपलं मूळ काम विसरायला लागतात, पसरट होतात आणि व्रणातल्यासारखे तंतू बनवू लागतात. त्यांना पुन्हा चहूबाजूंनी आधार मिळाला, जेलमध्ये गोल बसता आलं, तरच त्या आपल्या कामावर परततात. म्हणून नुसत्या पेशी टोचून भागत नाही, त्यांना राहायला घर लागतं. ऊती अभियांत्रिकी (टिश्यू इंजिनिअरिंग) म्हणतात त्यातला अर्धा भाग हे घर बांधण्याचाच आहे.

सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, मी हे विरजणाच्या भाषेत सांगितलं. थोडं दही घेतलं, त्यावरून भांडंभर लावलं. त्यांना लगेच पटलं. त्या रोज विचारायच्या, "लागलं का गं?"

लॅबचा फोन आला आणि तारीख ठरली. ही तारीख रुग्ण किंवा डॉक्टर ठरवत नाहीत, पेशी ठरवतात. लॅबमधून निघाल्या की ठरावीक वेळेत गुडघ्यात पोचल्याच पाहिजेत. ३ डिसेंबर, मंगळवार. रविवारी मुलीला सर्दी झाली तेव्हा आत्यांनी तिला माझ्या खोलीत येऊ दिलं नाही. मला ताप आला असता तर सगळं विस्कटलं असतं.

या वेळी गुडघ्याच्या आतल्या बाजूला छेद घेतला. खड्ड्याची फाटकी कड कापून, निरोगी कूर्चेची उभी भिंत दिसेपर्यंत साफ केली. मग पेशी फायब्रिनमध्ये, म्हणजे रक्त गोठताना जे जाळं बनतं त्याच द्रव्यात मिसळून खड्ड्यात भरल्या. स्वीडनच्या पहिल्या पद्धतीत नडगीच्या हाडावरचा पातळ पापुद्रा काढून तो झाकण म्हणून शिवायचे. आता जेल स्वतःच धरतं. भरण्याआधी सर्जननी कुपी माझ्या डोळ्यांसमोर धरली. "नाव वाचा." मी माझं नाव वाचलं. आत थोडासा गढूळ द्राव, बोटभरही नाही. काही मिनिटांत ते आत घट्ट झालं. गुडघा हळूहळू वाकवून, सरळ करून पाहिला, जागचं हललं नाही आणि टाके घातले.

खरी परीक्षा पुढे होती. सहा आठवडे उजवा पाय जमिनीवर टेकवायचा नाही आणि त्याच वेळी गुडघा रोज तासन्‌तास हलवायचा. त्यासाठी भाड्यानं मशीन आणलं. त्यात पाय ठेवला की ते आपोआप गुडघा वाकवतं आणि सरळ करतं. सुरुवात ३० अंशांपासून, मग रोज थोडं थोडं वाढवत ९० पर्यंत. दिवसातले पाच-सहा तास.

आत्यांना हे अजिबात पटेना. "आगं, इरजण लावलंय म्हणतीस, मग भांडं हलवायचं कशाला?" प्रश्न इतका बरोबर होता की मी तो फिजिओताईंना जसाच्या तसा विचारला. त्या आत्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आत्या, भांड्यावर पाटा ठेवायचा नाही. पण ह्या विरजणाला दूध रोज पाजायला लागतं." कूर्चेला रक्त पोचत नाही, तिचं अन्न सांध्यातल्या पाण्यातून येतं. गुडघा हलला की ते पाणी फिरतं आणि पेशींपर्यंत जातं. शिवाय हलका, सारखा हालणारा दाब मिळाला की पेशींना कळतं आपल्याला कूर्चा बनवायची आहे. वजन टाकलं तर मऊ जेल फाटतं. हललं नाही तर पेशी उपाशी. त्या दिवसापासून मशीन लावायची वेळ आत्याच सांभाळू लागल्या. दुपारी मला डुलकी लागली तरी त्या शेजारी बसून पाय नीट आहे ना बघायच्या.

मांडी घालून बसणं बंद, उकिडवं बसणं बंद, भारतीय पद्धतीचा संडास बंद. कमोडची खुर्ची आणली. घरात दोन पायऱ्यांचा उंबरठा आहे, तो कुबड्यांवर ओलांडायला शिकले. रात्री मला सगळ्यात भीती वाटायची ती झोपेत उठून सवयीनं पाय टेकण्याची. नवऱ्यानं पलंगाच्या त्या बाजूला खुर्ची आडवी लावून ठेवली होती, सहा आठवडे ती तिथून हलली नाही. आणि मांडी! व्यायाम चालू असूनही मांडीचा स्नायू डोळ्यांदेखत वाळत गेला. फिजिओताईंनी वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर टेप लावून मोजलं, डाव्या मांडीपेक्षा उजवी साडेचार सेंटिमीटरनं बारीक. आयुष्यभर ज्या पायांवर उभी राहिले त्यातल्या एकाचं हे मोजमाप ऐकताना घशाशी आलं.

सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी संक्रांत होती. सकाळी फिजिओताई वजनकाटा घेऊन आल्या. डावा पाय जाड पुस्तकांवर, उजवा काट्यावर, दोन्ही हातांत कुबड्या. "पंधरा किलोवर थांबायचं." मी तळवा टेकवला. काट्याचा पृष्ठभाग गार होता आणि ते गारपण जाणवताच अंगावर शहारा आला. काटा पाचवर गेला, आठवर गेला, थरथरला, पंधरावर आला. डोळे मिटून पुन्हा तेवढंच वजन टाकून दाखवायचं होतं, म्हणजे शरीराला आकडा पाठ होतो. दहा-बारा वेळा केलं. आत्या तिळगुळाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या आणि काट्याकडे बघत मोठ्यानं आकडे म्हणत होत्या.

पाच दिवसांनी, १९ जानेवारीला, दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम लढत होती. प्रियांका इंगळेच्या संघानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. आपल्या मातीतल्या खेळाचा विश्वचषक, कर्णधार महाराष्ट्राची मुलगी. मी पलंगावर होते, पाय उशीवर. शेवटच्या क्षणी मी उठायला गेले आणि आत्यांनी माझ्या खांद्यावर हात दाबून धरला. "बस. बसून टाळ्या वाजीव." मी बसून टाळ्या वाजवल्या.

पुढे दर आठवड्याला वजन वाढत गेलं. तिसऱ्या महिन्याअखेर कुबड्या सुटल्या. मग स्थिर सायकल, पाण्यात चालणं, एका पायावर तोल. एप्रिलमध्ये मात्र मी चूक केली. बरं वाटतंय म्हणून शाळेत परीक्षेच्या गठ्ठ्यांसह दोन मजले तीनदा चढले-उतरले. रात्री गुडघ्यात पाणी भरलं. सर्जननी तपासलं, आतलं जागेवर होतं, पण तीन आठवडे मागे जावं लागलं. सूज हीच गुडघ्याची भाषा आहे हे मी तेव्हा शिकले. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं कूर्चेच्या बाबतीत कधीच धरून चालता येत नाही. माझं सगळं दुखणं सुरू झालं तेच त्या समजुतीतून.

एक वर्षानं, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा एमआरआय झाला. खड्डा भरलाय, कडेची कूर्चा आणि नवी कूर्चा जुळलीय, खालच्या हाडातली सूज गेलीय. नवी जागा चित्रात अजून शेजारच्यापेक्षा किंचित वेगळी दिसते. ती मूळ कूर्चेइतकी पक्की होतेय की थोडी वेगळीच राहील, हे सर्जननी तेव्हाच सांगितलं नाही आणि मीही ओढून विचारलं नाही. गवतावर सावकाश पळायला परवानगी मिळाली. झेप घ्यायला, सूर मारायला आणि खांबाजवळ वळायला अजून नाही.

आता सरावाला मी शिट्टी घेऊन कडेला उभी असते. वळण शिकवायचं असलं की नववीतली एक मुलगी करून दाखवते आणि मी तिचं पाऊल बघते. माती ओली असेल तर खांबाजवळचा सराव त्या दिवशी घेत नाही. मुलींपैकी कुणाच्या गुडघ्याला सूज आली आणि ती आठवड्यात उतरली नाही, तर मी पालकांना बोलावून घेते आणि एक्स-रे नॉर्मल आला तरी थांबू नका म्हणून सांगते. गेल्या महिन्यात एकीची आई चिडली, खर्च वाढवताय म्हणाली. तरी एमआरआय करून आली. चकतीला चीर निघाली, वेळेवर कळली.

शिंप्याकडचा जुना टेप खिडकीच्या खिळ्याला टांगलेला आहे. दर रविवारी सकाळी आत्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर बोट धरतात आणि मी मोजते. आज डावीपेक्षा उजवी एक सेंटिमीटरनं कमी आली. आत्यांनी कॅलेंडरवर तारखेखाली १ लिहिला.